अठरा रुपयांची डाळ

मुलांनो, आईनं ‘जा बरं, कोपऱ्यावरून तेल घेऊन ये’ म्हटलं की तुम्ही काय करता? पायात चपला अडकवता, सुसाट पळता आणि दुकानदार देईल ते पाकीट घेऊन परत! उरलेल्या चिल्लरचं काय होतं ते आज विचारायचं नाही. पण किराणा हा फक्त आई-बाबांचा विषय आहे असं वाटत असेल, तर जरा थांबा. त्याला गणित लागतं, आणि घरात सगळ्यांत ताजं गणित कुणाचं? तुमचंच ना!

हे बघा. समजा, सोयाबीन तेलाची दोन पाकिटं शेजारी शेजारी आहेत. एक १ लिटरचं, १५० रुपयांना. दुसरं दिसायला अगदी तसंच, पण त्यावर बारीक अक्षरांत ‘८५० ग्रॅम’, आणि किंमत १४२ रुपये. आठ रुपये वाचले म्हणून तुम्ही दुसरं उचलाल. पण लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. आता भागाकार करा. पहिलं पडलं सुमारे १६५ रुपये किलो, दुसरं १६७. म्हणजे स्वस्त वाटलं तेच महाग निघालं!

भागाकाराचा कंटाळा येतो? मग पाकीट उलटून बघा. हल्ली एमआरपीच्या जवळच एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर छापलेला असतो. तो छापावा असा नियमच आहे. पण वाचतो कोण? आणि एमआरपी म्हणजे ‘इतकेच द्या’ नव्हे. ‘याहून जास्त घेता येणार नाही’ एवढाच तिचा अर्थ. दुकानदार कमी घेऊ शकतो, विचारायला लाजू नका. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं असंही नाही हं. शाम्पूच्या छोट्या पुड्या कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. करून पाहा.

आता तुमच्या आजीला विचारा. ती म्हणेल, ‘आम्ही तर वर्षाचंच भरून ठेवत होतो बाप्पा!’ बरोबर आहे तिचं. नवी तूर बाजारात येते जानेवारी-फेब्रुवारीत, गहू मार्च-एप्रिलमध्ये, आणि लाल मिरचीही उन्हाळा लागता लागता. आपल्या जिल्ह्यातली भिवापूरची मिरची तर प्रसिद्धच आहे. माल भरपूर असतो तेव्हा भाव बेताचा असतो. तेव्हा घ्यायचं, नागपूरचं कडक ऊन दाखवायचं, गव्हाला एरंडेल चोळायचं आणि कोठीत भरायचं. इतवारीतल्या किराणा ओळीत घाऊक माल मिळतो, तिथून कट्टा आणला की कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा किलोमागे चांगला फरक पडतो. फक्त एका कट्ट्यासाठी अख्खा ऑटो केला, तर वाचलेले पैसे ऑटोवाल्याच्या खिशात जातात, एवढं ध्यानात ठेवा.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. आता माझी एक चूक सांगते.

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत एक सातवीतली मुलगी रोज संध्याकाळी दुकानात येते. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. ‘भाऊ, शंभर ग्रॅम डाळ द्या न, तुरीची.’ दुकानदार कागदात पुडी बांधतो आणि अठरा रुपये घेतो. मी शेजारीच उभी होते. मोठ्या शहाणपणानं म्हटलं, ‘अगं, किलोनं घेत जा की! किलो १६५ ला आहे. रोज शंभर ग्रॅम घेऊन तुला १८० पडतात.’

ती म्हणाली, ‘माहीत आहे मावशी. पण आईला रोजचे पैसे रोज मिळतात.’

मी गप्प! घरी येऊन हिशेब मांडला. महिन्याला तीन किलो डाळ म्हणजे तिच्या घरचे ५४० रुपये. तीच डाळ इतवारीत कट्ट्यानं १४५ रुपये किलो होती, म्हणजे ४३५ रुपये. पण त्यासाठी तीस किलो एकदम घ्यायची, ४३५० रुपये मोजून! ज्याच्याकडे पैसे जास्त त्याला डाळ स्वस्त, आणि ज्याच्याकडे कमी त्याला महाग. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, पण डाळ तर बाजारातूनच आणावी लागते. दुकानदारालाही बोल लावता येत नाही. दहा पुड्या बांधायला कागद लागतो, वेळ लागतो, आणि अडल्या दिवशी उधारी तोच देतो. किराणा ओळीत उधारी कोण देणार?

यावर आपल्या महाराष्ट्रात पूर्वीच एक उपाय निघाला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महागाई इतकी भडकली होती, की मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांबरोबर बायका हातात लाटणी घेऊन मोर्च्याला निघाल्या. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथल्या शेजारच्या कुटुंबांनी एकत्र यायचं, महिन्याला काय काय लागेल ते आधी लिहून द्यायचं, घाऊक बाजारातून एकदमच खरेदी करायची आणि आलेला माल आपला आपणच वाटून घ्यायचा. त्याच्याही आधी, १८४४ मध्ये, इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात विणकर आणि कारागिरांनी थोडे थोडे पैसे जमवून स्वतःचं दुकान काढलं होतं. तिथे पीठ, साखर, लोणी आणि मेणबत्त्या मिळत.

आम्ही दुकान नाही काढलं! दहा घरांत मिळून तुरीचा एक कट्टा आणायचं ठरवलं, प्रत्येकी तीन किलो. गल्लीतल्या एका काकांची मालगाडी रिकामी परत येते, तिच्यात तो आला. ऑटोचंही भाडं वाचलं. पण त्या मुलीच्या आईकडे ४३५ रुपये एकरकमी नव्हते. बाकीच्यांनी पहिल्या महिन्यापुरते तिचे पैसे भरायची तयारी दाखवली. ती मात्र ठाम होती. ‘फुकट नको हो ताई. डाळीचे अठरा रोज जातातच. त्यातले पंधरा डब्यात टाकू.’ २९ दिवसांत ४३५ पुरे झाले, आणि घरात १०५ रुपये उरले. त्यातून तिनं मुलीला कंपासपेटी घेऊन दिली.

हिशेबाची वही आता त्या मुलीकडेच असते. दर रविवारी ती डब्यातले पैसे मोजते आणि कुणी उशीर केला की मोठ्या माणसांनाही सोडत नाही. मलाही एकदा ऐकवलं!

मागच्या महिन्यात मात्र गंमत झाली. नऊ घरांना डाळ मोजून दिली, आणि दहाव्याच्या वाट्याला २०० ग्रॅम कमी. कट्टाच हलका होता, की कुणी काटा हातचा सोडून वाटलं, देव जाणे. दहावं घर एका आजोबांचं. ते म्हणाले, ‘असू दे, असू दे.’ पण दोन काकूंची चांगलीच जुंपली. मुलीनं वही उघडली, २०० भागिले १० केलं आणि वाटी घेऊन नऊ घरी फिरली. प्रत्येकाकडून २० ग्रॅम परत. वहीत आता प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलंय : २ किलो ९८० ग्रॅम.