होम्सची केप आणि अर्धा इंच माया

ऐन ऑक्टोबर हीटमध्ये लक्ष्मी रोडवरच्या दुकानात शिरून ‘जाड वुलनचं कापड दाखवा’ म्हटलं, की सेल्समन कसा बघतो हे मला आता पक्कं ठाऊक झालंय.

‘ब्लेझर शिवायचाय का मॅडम?’

‘नाही, केप.’

‘कॅप? मग पाव मीटर पुरे.’

कॅप नाही हो, केप! शेरलॉक होम्सच्या खांद्यावर असते ना, ती.

तर मंडळी, प्रकरण असं आहे. आमचे साहेब, म्हणजे माझा नवरा, होम्सचा जबरदस्त फॅन. ऑफिसने त्याला दीड वर्षासाठी पाठवायचं ठरवलं तेही नेमकं एडिंबरोला. कॉनन डॉयल १८५९ मध्ये जन्मला ते हेच शहर. डॉक्टरकी शिकला तीही इथेच. समोरच्या माणसाकडे नुसतं बघून त्याचा व्यवसाय ओळखणारे डॉ. जोसेफ बेल त्याला शिकवायला होते आणि त्यांच्यावरूनच पुढे होम्स सुचला. थोडक्यात, साहेब हवेत!

‘तूही चल ना,’ तो म्हणाला. ‘फ्रीलान्सरच तर आहेस. कुठूनही लिहू शकतेस.’

त्या एका ‘च’वरून आमच्या घरात चार दिवस अबोला होता.

पेमेंट दोन-दोन महिने उशिरा येतात, मान्य. पण सहा वर्षं खपून मी या शहरात ओळखी जमवल्यात, कामं मिळवलीत, हा कॉलम मिळवलाय. ते सगळं बॅगेत भरून नेता येत नाही. आणि त्याचंही चूक नव्हतं. अनोळखी गावात, त्यातून थंडीत, एकट्याने राहायची हौस कुणाला असते? बोलायला गेलं की भांडण व्हायचं. मग ठरवलं, बोलणं पुरे, काहीतरी हाताने करू. नोव्हेंबरात त्याचा वाढदिवस आणि दहा दिवसांनी फ्लाइट. झालं, मुहूर्त ठरला.

आधी होमवर्क. या प्रकाराला म्हणतात इन्व्हर्नेस केप. एकोणिसाव्या शतकातला स्कॉटिश प्रकार. आत बिनबाह्यांचा लांब कोट आणि त्यावर खांद्यांवरून पडणारा झगा. गंमत म्हणजे डॉयलने एका कथेत प्रवासाचा करडा झगा आणि कापडी टोपी एवढंच लिहिलं होतं. होम्सला आज आपण ओळखतो तो अवतार त्याला दिला सिडनी पॅजेट या चित्रकाराने, १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात. तोही गावाबाहेरच्या प्रवासापुरता. लंडनमध्ये होम्स बाकीच्या सभ्य गृहस्थांसारखाच फिरायचा.

आतला कोट माझ्या आवाक्यातला नव्हता. मी फक्त वरची केप घेतली. तिचं गणित सोपं आहे. केप म्हणजे अर्धवर्तुळ. मध्यभागी गळ्यासाठी छोटं अर्धवर्तुळ कापायचं आणि सरळ कडा पुढे येतात. गळ्याचा घेर भागिले ३.१४ म्हणजे त्या छोट्या अर्धवर्तुळाची त्रिज्या. घेर कसा कळणार? साहेबांच्या फॉर्मल शर्टच्या कॉलरवर ४० लिहिलेलं असतं, ते सेंटिमीटर. म्हणजे साधारण पावणेसोळा इंच. भागाकार केला, पाच इंच. खाली बावीस इंच उंची. एकूण त्रिज्या सत्तावीस, पूर्ण रुंदी चोपन्न. सूटिंगचा पन्हा अठ्ठावन्न इंच. बसलं! दहावीनंतर पहिल्यांदा भूमिती कामाला आली.

बेत गुपचूप होता, त्यामुळे कारखाना आईकडे. तिचं जुनं पायमशीन, सोळा नंबरची सुई, दोरीला बांधलेला खडू. आईने एकदा डोकावून विचारलं, ‘तिकडे कोट मिळत नाहीत का गं?’

‘मिळतात गं.’

‘मग?’

मग काय! मी कात्री चालवली.

गळा बरोब्बर पाच इंचांवर कापला. अस्तर लावून अर्ध्या इंचावर शिलाई मारली आणि आईच्या गळ्याभोवती धरून बघितलं, तर केप सरळ खांद्यावरून खाली! अर्धा इंच शिलाईत गेला, म्हणजे गळा तेवढा मोठा झाला. त्यात गोल कापलेली कड तिरकी असते, हाताळताना ताणते. मिळून दोन इंच ढगळ. रडायचंच बाकी होतं.

गुंडाळी काखेत मारून मी कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

‘ताई, गळा नेहमी लहान कापायचा. मोठा कधीही करता येतो. माया ठेवली नाहीत तुम्ही.’

माया! लहानपणी फ्रॉक उसवून मोठा करताना आई हाच शब्द वापरायची. शिवणीत राखून ठेवलेलं, बाहेरून न दिसणारं जास्तीचं कापड. अंग वाढलं की तेच उपयोगी पडतं. शब्द शंभरदा ऐकलेला, पण त्या दिवशी दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या वाटलं, आमच्याही चार दिवसांत नेमकं हेच संपलं होतं. तो बरोबर मापाने बोलला, मी बरोबर मापाने उत्तर दिलं. अर्धा इंच इकडेतिकडे करायला कुणी जागाच ठेवली नव्हती.

काकांनी खडूने दोन रेघा मारून दिल्या. ‘खांद्यांवर एकेक टक्स घ्या. गळाही आवळेल, खांद्यांना आकारही येईल.’ पैसे घेतले नाहीत. मी टक्स घेतले, कॉलरला कॅनव्हास लावला, तुळशीबागेतून पितळी बटणं आणली. खालची कड मात्र हाताने दुमडली आणि मुद्दाम दोन इंच कापड आत ठेवलं.

वाढदिवसाला त्याने केप घातली. घाम पुसत आरशासमोर अर्धा तास उभा! डावा टक्स उजव्यापेक्षा जरा वर आहे. त्याला दिसला नाही, किंवा दिसला पण बोलला नाही. खरा होम्स असता तर बोलला असता. मग खालची कड चाचपत म्हणाला, ‘इथे आत एवढं कापड का गं?’

‘माया आहे ती. पुढेमागे लांब करावीशी वाटली तर.’

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तो ‘च’ मी परत घेतो.’

मीही थोडं सैल सोडलं. डिसेंबरात तीन आठवडे जाऊन येणार आहे. राहायला नाही, बघायला. पुढचं पुढे. कॉलम मात्र चालू राहील, तिथूनही!

आणि तुम्ही कुणासाठी काही शिवायला बसणार असाल, तर गळा लहान कापा.