नॉमिनीच्या रकान्यात कोणाचं नाव?

बँकेत खातं उघडताना नॉमिनीच्या रकान्यात तुम्ही कोणाचं नाव लिहिलंत? मी आईचं लिहिलं. पुढे ‘नातं, असल्यास’ असं होतं, तिथे ‘आई’. दहा सेकंदांचं काम. पण समजा, तुम्ही ज्याच्याबरोबर सहा वर्षं संसार करताय तो जोडीदार तुमच्यासारखाच मुलगा आहे, किंवा तुम्ही दोघीही मुली आहात. मग काय लिहाल? ऑक्टोबर २०२३ नंतरचं वर्षभर आपल्याकडची समलिंगी हक्कांची लढाई बरीचशी अशाच रकान्यांभोवती फिरली.

१७ ऑक्टोबर २०२३ आठवतोय? आपल्यापैकी कितीतरी जण त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मोबाइलवर लाइव्ह बघत होते. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला सरकारने मान्यता द्यायलाच हवी का, यावर मात्र ३ विरुद्ध २. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अल्पमतात गेले. सगळ्यांना वाटलं, विषय संपला. एक खिडकी तेवढी उघडी राहिली होती. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून या जोडप्यांच्या रोजच्या अडचणी बघू, असं सरकारनेच कोर्टात सांगितलं होतं. ती समिती यायला एप्रिल २०२४ उजाडला.

ऑगस्टअखेरपर्यंत काही पत्रकं निघाली. जोडीदारांना जॉइंट अकाउंट उघडता येईल, एकमेकांना नॉमिनी करता येईल. रेशन कार्डावर दोघांना एकाच कुटुंबातले धरावं. बातम्यांमध्ये ‘मोठा दिलासा’ वगैरे मथळे झळकले. पण बँकेचं पत्रक नीट वाचलंत, तर त्यात एवढंच म्हटलंय की अशा खात्यांवर कोणतंही बंधन नाही. म्हणजे जे कधी बेकायदा नव्हतंच, ते बेकायदा नाही असं लेखी मिळालं! काउंटरवर अडून बसणाऱ्याला दाखवायला हा कागद उपयोगी आहे, हे मान्य. त्यासाठी कार्यकर्त्यांनी घासलेले जोडे वाया गेले असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. आपल्यातल्या बहुतेकांना हे माहीतच नसतं (मलाही हा लेख लिहायला घेईपर्यंत नव्हतं). बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, मालकी मात्र कायदेशीर वारसांचीच राहते. लग्न झालेलं असेल तर नवरा किंवा बायको वारस असतेच, म्हणून फरक जाणवत नाही. समलिंगी जोडीदार मात्र पैसे काढून आणतो आणि नंतर त्याच्याकडे ते मागायला भाऊ येऊ शकतो. पीएफमध्ये तर तेवढंही नाही. सभासदाला नियमातल्या व्याख्येप्रमाणे ‘कुटुंब’ असेल, तर नॉमिनी त्या कुटुंबातलाच लागतो. त्या व्याख्येत अवलंबून असलेले आईवडील येतात, समलिंगी जोडीदार येत नाही.

आरोग्य मंत्रालयाच्या पत्राने तर मी थबकलेच. जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता येईल, पण जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर. वर्षानुवर्षं तोंड न बघणारा काका ऐनवेळी हजर झाला, की रोज औषधं देणारा माणूस रांगेत मागे. आणि सगळेच नातेवाईक विरोधात असतात असंही नाही. एप्रिल २०२३ मध्ये ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातल्या चारशेहून जास्त आईबाबांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांसाठी लग्नाचा हक्क मागितला होता. कायद्याच्या नजरेत ‘जवळचे’ असलेलेच म्हणत होते, आमच्याइतकाच हाही जवळचा माना.

दुसरीकडे २०२४ मध्ये एक गोष्ट हातची गेली. २०१८ मध्ये कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले, पण संमतीशिवाय केलेल्या अत्याचारासाठी कलम शिल्लक होतं. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि ते अख्खंच गायब झालं. नव्या बलात्काराच्या कलमात पीडित फक्त स्त्री आहे. पुरुषावर अत्याचार झाला तर तक्रार मारहाणीसारख्या कलमांत बसवायची. गृह खात्याच्या संसदीय समितीने आधीच ही तरतूद ठेवायला सांगितलं होतं, तरी ती ठेवली गेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हे काम संसदेचं, म्हणत हस्तक्षेप नाकारला. लग्नाच्या प्रश्नावर चॅनेलवाले आठवडाभर भांडले, यावर किती चर्चा ऐकलीत तुम्ही?

तिकडे नेपाळने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा पहिल्या लग्नाची नोंद केली. थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून रीतसर लग्नं लागू लागली. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये सामाजिक न्याय खात्याने लोकांकडून सूचना मागवल्या होत्या, आणि फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

तोवर तुमच्या ओळखीत असं कुणी जोडपं असेल तर त्यांना मृत्युपत्राबद्दल जरूर सांगा. साध्या कागदावर चालतं, स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र लागतात. त्यातले एक तुम्ही होऊ शकता.