पहारा कोण बदलणार?

जळकोटपासून समुद्र कितीतरी लांब. आमच्या बचत गटातल्या बहुतेक जणींनी तो पाहिलेलाही नाही. तरी परवाच्या बैठकीत मी ‘तारिणी’ची गोष्ट सांगितली. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली, जेमतेम 17 मीटर लांबीची ही शिडाची बोट. नौदलातल्या वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी 10 सप्टेंबर 2017 ला तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 21 मे 2018 ला परतल्या.

वादळाचं वर्णन सगळ्याजणी कान देऊन ऐकत होत्या. मग एकीनं विचारलं, “ताई, तिथं सैपाक कोण करायचं?”

पाळीपाळीनं, मी म्हटलं. अशा बोटीवर रात्रंदिवस कुणीतरी जागं राहावंच लागतं. वारा फिरला की शिडं कमी-जास्त करायची, झुलत्या शेगडीवर शिजवायचं, मोडलेलं दुरुस्त करायचं, पाणी जपून वापरायचं. पहाऱ्याची वेळ संपली की दुसरी येते, पहिली झोपते. 2024-25 मध्ये याच बोटीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जग फिरून आल्या. एक झोपली की दुसरी जागी!

“पाणी तर आमीबी मोजूनच वापरतो,” ती म्हणाली. “पण आमाला झोप म्हणून कोण उठवून बसवतंय?”

मैत्रिणींनो, मला उत्तर सुचलं नाही. लातूरला 2016 मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा घागरी घेऊन रांगेत कोण उभं होतं, हे आपण पाहिलंय. आभाळ भरून आलं की वाळवण उचलायचं, कडबा झाकायचा, शेळ्या आत घ्यायच्या, आणि चूल विझू द्यायची नाही. बदलत्या हवेशी झुंज इथंही आहेच. फक्त तिला कुणी धाडस म्हणत नाही आणि तिच्यात पहारा बदलत नाही.

त्या अधिकाऱ्यांच्या पाठीशी शिक्षण होतं, पगार होता, संपूर्ण नौदल होतं. आमच्या शेतमजूर बाईची त्यांच्याशी बरोबरी करणं सोपं नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. बोटीवर विश्रांती ही मेहरबानी नसते. दमलेल्या हातून चूक झाली तर सगळ्यांच्याच जिवाला धोका, म्हणून ती कामातच धरलेली असते. शिडाच्या बोटीवर एक जुना नियम सांगतात: एक हात बोटीसाठी, एक स्वतःसाठी. आपल्या बाईचे दोन्ही हात घरालाच दिलेले.

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही कर्जाच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवणार आहोत. घरात कोण किती वाजता उठलं, कोण कधी टेकलं, एवढंच तिच्यात लिहायचं. मग ती वही घरातल्या पुरुषांसमोर उघडायची आणि विचारायचं, आता पहारा कोण घेतंय?

तुमच्या गावातही ही वही सुरू कराल?