सावली कुठे आहे, सायकलला विचारा

उन्हाळा लागला की आपल्याकडे सायकल कोपऱ्यात जाते. खामगाव, शेगाव, मलकापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ‘एवढ्या उन्हात कोण सायकल चालवणार?’ हा प्रश्न रास्तच आहे. सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरच्या बुलढाणा शहराला घाटाखालच्या गावांपेक्षा दोनेक अंशांचा दिलासा मिळतो, एवढेच. तरीही माझे मत असे, की सायकल बंद करू नका, फक्त वेळ बदला.

चोवीस तासांतली सर्वांत थंड हवा सूर्योदयाच्या सुमारास असते. संध्याकाळी ऊन उतरले तरी दिवसभर तापलेले डांबर आणि सिमेंट बराच वेळ उष्णता सोडत राहते. म्हणून पहाटे निघा आणि आठच्या आत घरी या. रोजचाच रस्ता धरू नका. जुन्या गावातली बोळे, बाजारपेठ, नव्या वसाहती, सगळीकडे फिरा. निंबाच्या झाडांखालून रुंद सिमेंट रस्त्यावर आलात की फरक अंगालाच कळेल. मोटारीच्या बंद काचेआड तो कळत नाही.

यामागे साधे विज्ञान आहे. वर्तमानपत्रात छापलेले ४३ अंश हे सावलीतल्या हवेचे तापमान असते. हवामान खात्याचा तापमापक हवा खेळणाऱ्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. उघड्या रस्त्यावर मात्र वरून ऊन आणि खालून डांबराची धग असा दुहेरी मारा होतो. झाड ऊन अडवते आणि पानांतून पाण्याची वाफ सोडून भोवतालची हवाही थोडी निववते.

त्यात शरीराची स्वतःची भट्टी. सायकल चालवताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकाच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती घामावाटे बाहेर पडते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले हे समजत नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या. घाम बराच गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात, तेव्हा पहिल्याच दिवशी लांब जाऊ नका. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे सुरू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. डोके दुखले, मळमळले, गरगरले तर थांबा आणि सावली गाठा. कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालू नका.

हे झाले हौसेने फिरणाऱ्यांचे. पण भर दुपारी सायकलवर दिसणारा मजूर, फेरीवाला किंवा परीक्षेहून परतणारी मुलगी यांना वेळ निवडता येत नाही. त्यांच्यासाठी चौकातले झाड हाच दवाखाना आणि पाणपोईचा रांजण हेच औषध. रस्ता रुंद करताना जुने झाड तोडले जाते, तेव्हा हिशेबात फक्त लाकूड धरले जाते. सावली कुणीच मोजत नाही. नवे रोप तेवढी सावली द्यायला कित्येक वर्षे घेते.

म्हणून पहाटेच्या फेरीत एक काम करा. कोणत्या रस्त्याला झाडे आहेत, कुठे पार उघडा पडला आहे, कोणत्या चौकात पाणी नाही, हे वहीत लिहा. नवतपा सुरू होण्याआधी ती वही वॉर्डातल्या नगरसेवकापुढे ठेवा. सावली ही शोभेची वस्तू नाही. नळाच्या पाण्याइतकीच ती आरोग्याची सोय आहे, आणि ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे.