सागरी सहल, आरोग्य आणि कायशुद्धी

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. जिंतूरची नेमगिरी, मिरखेलजवळचे नवागढ आणि आयुष्यात एकदा तरी सम्मेद शिखरजी, असा येथील श्रावकांच्या यात्रेचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. अलीकडे त्यात एका निराळ्या प्रवासाची भर पडू लागली आहे. आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस येतो, मुले-सुना एकत्र जमतात आणि मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या प्रवासी जहाजाची तिकिटे काढली जातात. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघावे, सकाळी मुंबईत उतरावे आणि बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरून जहाजात चढावे, असा हा बेत असतो.

अशा वेळी घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. जहाजावर कांदा-लसूण व कंदमुळांविना जैन भोजन मिळेल काय आणि ते सूर्यास्तापूर्वी मिळेल काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत व त्यांची उत्तरे तिकीट काढतानाच मिळू शकतात. मात्र तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जहाजावर कोणी आजारी पडले तर काय करायचे आणि आपल्यामुळे इतर कोणी आजारी पडू नये म्हणून काय करायचे?

जहाज हे एक छोटे, बंदिस्त गाव असते. दोन-तीन हजार माणसे एकाच भोजनगृहात जेवतात, त्याच जिन्याच्या कठड्याला हात लावतात, त्याच लिफ्टची बटणे दाबतात. गावात आजार पसरला तर माणूस आपल्या घरात दार लावून बसू शकतो. जहाजावर तेवढी मोकळीक नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात थांबवून ठेवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ या जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७१२ जणांना कोरोनाची लागण झाली. त्या जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यातील १३२ हे प्रवासी नसून कर्मचारी होते. प्रवासी आपापल्या खोल्यांत विलग राहिले, तेव्हा त्यांना जेवण पोहोचविण्याचे काम कर्मचाऱ्यांनाच करावे लागले. आपल्याकडेही जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्यास गेलेल्या एका जहाजावर तपासणी झाली, तेव्हा सुमारे २,००० जणांपैकी ६६ जण बाधित आढळले आणि जहाजाला मुरगाव बंदरातून मुंबईस परतावे लागले.

कोरोनाची आठवण आता मागे पडली असली, तरी जहाजावरील नेहमीचा शत्रू निराळाच आहे. त्याचे नाव नोरोव्हायरस. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक या गावी १९६८ मध्ये एका शाळेत उलट्यांची साथ आली; त्या गावावरून हे नाव पडले. एकाएकी उलट्या, जुलाब, पोटात कळा आणि कधी थोडा ताप ही त्याची लक्षणे होत. शरीरात शिरल्यापासून साधारणतः १२ ते ४८ तासांत ती दिसू लागतात आणि बहुतेकांना एक ते तीन दिवसांत आराम पडतो. हा विषाणू फार थोड्या संख्येने पोटात गेला तरी आजार होतो, आणि दाराच्या मुठीवर, वाढण्याच्या चमच्यावर, नळाच्या तोटीवर तो दिवसेंदिवस टिकून राहतो.

येथे एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. कोरोनाच्या काळापासून खिशात सॅनिटायझरची बाटली बाळगण्याची सवय अनेकांना लागली आहे. परंतु नोरोव्हायरसवर मद्यार्कयुक्त सॅनिटायझरचा प्रभाव फारसा पडत नाही. त्याला हातावरून घालविण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे साबण आणि वाहते पाणी. साबण लावून किमान २० सेकंद हात चोळावेत. भोजनापूर्वी सावकाश एकदा णमोकार मंत्र मनात म्हणावा, म्हणजे साधारण तेवढा वेळ होतो. हात चोळताना नळ बंद ठेवावा, म्हणजे पाण्याचा अपव्ययही होत नाही. शौचालयातून आल्यावर आणि जेवणाच्या टेबलावर बसण्यापूर्वी, या दोन वेळा तर कधीही चुकवू नयेत. पंगतीतील वाढण्याचे चमचे अनेक हातांतून गेलेले असतात. म्हणून ताट भरून घेतल्यावर पुन्हा हात धुऊन मगच घास घेणे उत्तम.

जैन आहार घेणाऱ्याला हा आजार होणार नाही, असेही कोणी समजू नये. विषाणू शाकाहार-मांसाहार असा भेद करीत नाही. चिरून ठेवलेली फळे, कोशिंबीर, बर्फ आणि उघडी चटणी यांतून तो सहज पोटात जातो. गरम, ताजे शिजवलेले अन्न आणि स्वतःच्या हाताने सोललेले फळ हा सुरक्षित मार्ग होय. आपल्या मंडळींची आणखी एक प्रेमळ सवय येथे आठवते. खाकऱ्याचा, चिवड्याचा डबा उघडला की दहा हात त्यात जातात. बाहेरचे शिजवलेले अन्न जहाजावर नेण्यास बहुधा मनाई असते. बंद पाकिटातील कोरडे पदार्थ नेता आले, तर ते चमच्याने वाटीत काढून द्यावेत. प्रेम तेवढेच राहते आणि धोका टळतो.

पाण्याविषयी आपल्या परंपरेने फार पूर्वीपासून काळजी वाहिली आहे. पाणी गाळून घ्यावे, गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटे मानावी, आणि अधिक काळासाठी उकळून प्रासुक करावे, हा दिगंबर परंपरेतील आचार जीवदयेतून आला. त्याला आरोग्याचीही जोड मिळाली. बांगलादेशातील मतलब भागात रीटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे त्यात आढळले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात, हे त्याचे कारण. परंतु विषाणू त्याहून अतिशय लहान असतात. ते कापडातून निसटतात. त्यांच्यासाठी पाणी खळखळून उकळणेच आवश्यक ठरते. नुसते कोमट पाणी पुरत नाही. जहाजावरील पिण्याचे पाणी शुद्ध केलेलेच असते. तरीही ज्यांचा नियम आहे त्यांनी उकळलेले पाणी भोजनगृहातून मागून घ्यावे. घरून पाणी तापविण्याची कांडी किंवा विजेची शेगडी मात्र नेऊ नये. आगीच्या भयामुळे जहाजावर अशा वस्तूंना बंदी असते.

आता नियमांचा प्रश्न अधिक गंभीरपणे पाहावा लागतो. समजा, सत्तरी ओलांडलेल्या, चौविहार पाळणाऱ्या आजींना रात्री दहा वाजता उलट्या-जुलाब सुरू झाले. सूर्योदयाला आठ तास आहेत. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळीही चालू आहे. अशा वेळी शरीरातील पाणी व क्षार इतक्या वेगाने घटतात की सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते. तोंड कोरडे पडणे, लघवी अगदी कमी होणे, उठताना चक्कर येणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा अवस्थेत जलसंजीवनी हेच जीवनदान ठरते. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या या साध्या द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे त्याचे घरगुती प्रमाण आहे. तयार पुड्या सोबत असल्या तर अधिक चांगले.

पण हा प्रश्न रात्री दहा वाजता, घाबरलेल्या नातवंडांसमोर सोडवायचा नसतो. प्रवासापूर्वीच आजींनी आपल्या गुरूंना विचारून घ्यावे की आजारपणात नियमाची मर्यादा काय, आणि सवलत घ्यावी लागली तर प्रायश्चित्त काय. आपल्या धर्मात नियमाबरोबर विवेकही सांगितला आहे. ते उत्तर घरातील एकदोघांना ठाऊक असावे, म्हणजे ऐनवेळी कोणाच्याही मनात अपराधाची भावना राहत नाही. त्याचप्रमाणे, उलट्या-जुलाब झाल्यास रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या थांबवाव्यात, हेही आपल्या परभणीतील नेहमीच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

या साऱ्या सावधगिरीहून कठीण अशी एक गोष्ट उरते. ती म्हणजे खरे सांगणे.

नोरोव्हायरसला प्रकट होण्यास १२ ते ४८ तास लागतात हे वर आलेच आहे. म्हणजे आजार जहाजावर दिसला, तरी त्याची लागण परभणीच्या घरात, लग्नाच्या पंगतीत किंवा रेल्वेच्या डब्यातही झालेली असू शकते. निघण्याच्या आदल्या दिवशी नातवाला दोन उलट्या झाल्या, तर घरात काय बोलले जाते? ‘प्रवासाच्या उत्साहाने झाले असेल, तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत, कोणाला सांगू नका.’ मग चढताना भरून द्यावयाच्या आरोग्यपत्रकावर ‘लक्षणे नाहीत’ असे लिहिले जाते. वाणिज्यशास्त्रात याला बुडीत खर्चाचा मोह म्हणतात. जे पैसे आता कोणत्याही निर्णयाने परत येणार नाहीत, त्यांच्यासाठी माणूस आणखी मोठे नुकसान ओढवून घेतो. धर्माच्या भाषेत हाच लोभ होय. आणि दशलक्षण पर्वात ज्या शौच धर्माचे चिंतन आपण करतो, तो मुळात लोभाच्या त्यागाचाच धर्म आहे. त्यापेक्षा तिकीट काढतानाच प्रवासविमा घ्यावा, आजारपणामुळे प्रवास रद्द झाल्यास व जहाजावरील उपचारांसाठी भरपाई मिळते काय हे अटींतून वाचून घ्यावे, आणि जुने आजार विमा कंपनीपासून लपवू नयेत. जहाजावरील डॉक्टरांचे शुल्क बहुधा वेगळे द्यावे लागते, हेही ध्यानात असावे.

आजार लपविण्याची वृत्ती नवी नाही. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये मुंबईत आणि पुण्यात घरोघर तपासणी होऊ लागली, तेव्हा लोक रुग्णांना लपवीत. रुग्णालयाची भीती, घरच्यांपासून ताटातूट आणि तपासणीतील अपमान ही त्यामागची खरी दुःखे होती. जहाजावर तसे काही नसते. फार तर दोन-तीन दिवस खोलीत राहावे लागते आणि जेवण खोलीत येते. तरीही माणसे गोळी घेऊन भोजनगृहात जातात. त्यांच्यानंतर तोच चमचा कोणाची तरी वृद्ध आई हातात घेते. खोलीतील स्नानगृह स्वच्छ करणारा कर्मचारी पोटासाठी घरापासून दूर आलेला, कदाचित आपल्याच देशातला तरुण असतो. आजारी पडला तर त्याला सुट्टीचा आनंद नाही आणि घरची माणसेही जवळ नाहीत. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचा विचार प्रमादाशी जोडला आहे. मारण्याचा हेतू नसला, तरी बेसावधपणे दुसऱ्याच्या प्राणांना पीडा देणे हे हिंसेच्याच खात्यात जमा होते. म्हणून लक्षण दिसताच जहाजावरील वैद्यकीय कक्षास कळविणे ही औपचारिकता नव्हे. ते अहिंसाव्रताचे पालन आहे. कुटुंब मोठे असेल, तर कोणी आजारी पडल्यास त्याच्यासोबत खोलीत कोण थांबेल, हे आधीच ठरवावे.

आणि सहल संपली म्हणजे ही जबाबदारी संपत नाही. बरे वाटू लागल्यावरही किमान दोन दिवस इतरांसाठी स्वयंपाक करू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. विषाणू तर शरीरातून दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ बाहेर पडत राहू शकतो. परभणीत परतल्यावर गावात मुनिसंघाचा विहार असेल, नवागढ किंवा जिंतूर येथे महाराजांचा मुक्काम असेल, तर घरात चौका लावण्याची ओढ स्वाभाविक आहे. परंतु मुनिमहाराज दिवसातून एकदाच, उभ्याने, करपात्रात आहार व जल ग्रहण करतात. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. गृहस्थाला उलट्या झाल्या तर तो रात्रभर जलसंजीवनी घेऊ शकतो. मुनींना ती सवड नाही. आपल्या हाताने गेलेला आजार त्यांच्या देहावर किती भारी पडेल, याची कल्पनाही करवत नाही.

आहारदानाच्या वेळी दाता मनशुद्धी, वचनशुद्धी आणि कायशुद्धी आपल्या मुखाने जाहीर करतो. सोवळ्याचे धूतवस्त्र नेसले म्हणजे कायशुद्धी पूर्ण होत नाही. ज्याला गेल्या दोन आठवड्यांत असा आजार झाला असेल, त्याने चौक्याबाहेर उभे राहून हात जोडावेत आणि दानाची संधी घरातील निरोगी व्यक्तीस द्यावी. घरात अनेकांना बाधा झाली असेल, तर त्या पंधरवड्यात चौकाच लावू नये. त्यात पुण्य कमी होत नाही. आपल्या शरीराची खरी स्थिती जहाजाच्या पायरीवर, भोजनगृहाच्या दारात आणि चौक्याच्या उंबरठ्यावर सारख्याच प्रामाणिकपणे सांगता आली, तर तो प्रवास आपल्याला आणि इतरांनाही सुखाचा होईल.