पाळणाघरातल्या बाईचा पगार कोणी द्यायचा?

1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन आपल्या शहरात भरते आणि त्या दिवसांत कष्टकऱ्यांच्या मागण्या यशवंत स्टेडियमपासून विधानभवनाच्या दिशेने निघतात. कष्टकरी कुटुंबांसाठी काय करणार, असे आज कोणत्याही पक्षाच्या आमदाराला विचारले, तर पहिले उत्तर लाडक्या बहिणीचे येते. जुलै 2024 पासून अडीच लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या 21 ते 65 वयाच्या स्त्रियांना महिना 1,500 रुपये देणारी ही योजना मला मोलाची वाटते. स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावाने आलेल्या पैशाने बाईचा घरातला शब्द वजनदार होतो. पण आमदारांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पाळणाघर असायला हवे, असे माझे ठाम मत आहे. वस्तीत पाळणाघरच नसेल, तर ते 1,500 रुपयांत विकत घेता येत नाही. दोन वर्षांचे मूल असलेल्या बाईची मजुरी मात्र त्यापायी रोज बुडते.

2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात आणि पुरुष 88, असे आढळले. मुलांचे आणि आजाऱ्यांचे करणे यात धरलेले नाही, ते वेगळे. या मिनिटांचा भार कोणावर पडतो हे आपल्या जिल्ह्यात सहज दिसेल: कुही-मांढळकडच्या मिरची सातऱ्यांवर देठ खुडणारी, बुटीबोरीत ठेक्यावर लागलेली, छत्तीसगडमधून येऊन इमारतीवर विटा वाहणारी, धरमपेठेत चार घरची धुणीभांडी करणारी. सातऱ्यावरच्या तिखट धुळीत तान्ह्याला बसवता येत नाही. मग थोरली मुलगी शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते, म्हणजे एका पिढीची अडचण दुसरीच्या माथी जाते.

कायदा नाही असे नव्हे. नोव्हेंबर 2025 पर्यंत कारखान्यात 30 हून अधिक किंवा बांधकामावर 50 हून अधिक स्त्रिया असल्या, की पाळणाघर द्यावे लागे; आस्थापनेत 50 कर्मचारी असले की पाळणाघर द्यायचे, ही 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने आणलेली अट आजही आहे. या सगळ्या तरतुदी एका मालकाकडची माणसे मोजतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईला चार मालकिणी असतात आणि प्रत्येकीकडे ती एकटीच असते. ठेक्यावरच्या बायांची हजेरी तर वेगवेगळ्या ठेकेदारांच्या वहीत विभागलेली. याउलट 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने मुले मोजली. सहा वर्षांखालची पाच मुले कामावर आली, की त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. शहरासाठी हाच नियम हवा. वस्तीत मुले किती आहेत ते मोजा आणि त्या हिशेबाने पाळणाघर उघडा.

मालकांवर बोजा टाकला तर ते बायकांना कामावरच घेणार नाहीत, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. त्याचा विचार याच राज्याच्या पूर्वसूरींनी केलेला आहे. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलायला हवा. पण तिच्या श्रमातून मालकालाही नफा होतो, त्यामुळे त्यालाही सुटका नाही. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. पाळणाघराला हाच न्याय लावावा. जागेचा आणि पगाराचा मोठा भाग सरकारचा, वर मालकाचा वाटा.

अंगणवाडी आहेच की, असे काही म्हणतील. अंगणवाडी काही तासांची असते, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना तिथून घरपोच आहार मिळतो, दिवसभराचा सांभाळ मिळत नाही. त्यात कारखान्यातल्या कामाच्या दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. आईचा दिवस लांबवणाऱ्या सरकारने तिच्या लेकराचा दिवसही हिशेबात धरला पाहिजे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येते. राज्याचा वाटा 40 टक्के. मात्र हे काम आधीच कामाने वाकलेल्या सेविकेच्या गळ्यात मारू नये. त्यासाठी वेगळी बाई, वेगळा पगार हवा. आणि आजी सांभाळेल म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे, की या घरांतली आजीही बहुधा कामावर गेलेली असते.

राहिला पैसा. 2025-26 च्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीसाठी 36,000 कोटी ठेवले गेले. त्यातला रुपयाही काढू नये. बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे निधी जमा होतो. तो या कामगारांच्या मुलांवर खर्च होण्यात काहीच गैर नाही. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, पण त्यातून इमारत होते, पगार होत नाही. समाजभवने गल्लोगल्ली उभी राहिली त्याचे कारण हेच. त्यातली कितीतरी दिवसा बंद असतात. जागा आहे, अडले आहे ते दर महिन्याच्या पगारापाशी, आणि त्याची तरतूद पुरवणी मागण्यांतून सभागृहच करू शकते. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती असताना त्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. ते काम याच विधिमंडळाने केले.

म्हणून यंदा आपापल्या आमदारांना एक तारांकित प्रश्न विचारायला लावा: माझ्या मतदारसंघात दिवसभर चालणारी किती पाळणाघरे आहेत आणि तिथल्या बाईला पगार कोण देते? उत्तर शून्य आले, तर पुरवणी मागण्यांत ती तरतूद होईपर्यंत त्यांच्या मागे लागा.