गाडी आलिशान घेतलीत, पण आईच्या गुडघ्याला विचारलंत का?



आज जरा रागातच लिहितोय. राग कुणा एका गाडीवर नाही. "आरामदायी" या शब्दाचं आपण सगळ्यांनी मिळून जे करून ठेवलंय, त्यावर आहे.

मागच्या महिन्यात साताऱ्याहून एक आजी सांगलीला माझ्याकडे तपासणीला आल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झालेला. जखम छान भरलेली, गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकत होता, काठी घेऊन चालणंही झकास. मी खूश, आजी खूश. त्यांना सोडायला दारापर्यंत गेलो आणि तिथे वेगळंच नाटक पाहिलं. मुलाने नुकतीच घेतलेली परदेशी बनावटीची सेडान उभी होती. आजींनी एक पाय आत टाकला, मान वाकवली, तरी डोकं चौकटीला लागलं. मग मुलगा एका बाजूने, सून दुसऱ्या बाजूने. शेवटी त्या सीटवर बसल्या नाहीत, पडल्या.

"बाळा, गाडी लई झ्याक हाय," त्या म्हणाल्या, "पर ह्यात बसायचं म्हंजी आडात उतरल्यागत वाटतंय. मला आपली रिक्षा बरी."

"आई, रिक्षा साताऱ्यापर्यंत येणार हाय का?" मुलगा म्हणाला. सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. जाता जाता मला म्हणाल्या, "डाक्टर, पुढच्या बारीला फोनवरच बघा."

मला खरी भीती या शेवटच्या वाक्याची वाटते. घरात लाखो रुपयांची गाडी आली आणि आजींचं घराबाहेर पडणं बंद व्हायला लागलं. आधी तपासणी टळते, मग लग्न टळतं, मग माहेरची जत्रा टळते. घरचे म्हणतात, "आईला आता प्रवास झेपत नाही." अहो, प्रवास झेपतोय. तुमची गाडी झेपत नाही!

लांबी वाढली, उंची गेली

चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना ॲम्बेसिडर आठवत असेल. आपल्या भागात साखर कारखान्याच्या अध्यक्षांपासून लग्नातल्या नवरदेवापर्यंत सगळे तिच्यातूनच फिरले. २०१४ मध्ये पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचं उत्पादन थांबलं. तिची उंची होती सुमारे १५९३ मिलिमीटर. आजच्या बहुतेक महागड्या सेडानची उंची साधारण १४५० ते १५२० मिलिमीटर असते, म्हणजे तीन ते साडेपाच इंच कमी.

आता दुसरी बाजू पाहा. मर्सिडीजने १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत गाडी बनवायला सुरुवात केली, तेव्हाच्या ई-क्लासमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर होतं २८०० मिलिमीटर. आज भारतात विकली जाणारी लांब ई-क्लास घ्या. तिच्यात ते ३०९४ मिलिमीटर आहे. जवळजवळ एक फूट वाढ. मागे बसणाऱ्याला पाय लांब करायला भरपूर जागा मिळाली, हे कबूल करायलाच हवं.

पण म्हाताऱ्या माणसाची अडचण पाय पसरण्याची नसते, ती असते आत शिरण्याची आणि बाहेर निघण्याची. छत मागच्या बाजूला उतरतं, कारण तसं ते दिसायला छान दिसतं आणि हवाही कमी अडते. छत खाली आलं की डोक्याला जागा ठेवण्यासाठी सीट खाली न्यावी लागते. त्यात वर काचेचं मोठं सनरूफ बसवलं की त्याच्या चौकटीत आणखी इंचभर जागा जाते. आकाश दिसावं म्हणून आपण डोक्यावरची जागा विकतो!

खाली बसणं महाग का पडतं?

हे घरी करून पाहा. आधी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठा. मग पाटावरून उठा. फरक कळला? सीट जितकी खाली, तितका गुडघा जास्त वाकतो आणि उठताना मांडीच्या पुढच्या स्नायूला तितकं जास्त काम पडतं. त्या क्षणी गुडघ्याच्या वाटीमागे आपल्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. साठीनंतर मांडीचा हाच स्नायू झपाट्याने बारीक होत जातो. म्हणून तुम्हाला जी सीट "स्पोर्टी" वाटते, ती तुमच्या वडिलांना खड्डा वाटते.

शिवाय गाडीत शिरताना माणूस एका वेळी तीन गोष्टी करतो. एका वाकलेल्या गुडघ्यावर सगळं वजन घेतो, कंबर पिळतो आणि मान खाली घालतो. गुडघेदुखी, कंबरदुखी, मानेचा त्रास, तिघांनाही एकदम आमंत्रण. खुब्याचा सांधा बदललेल्या बऱ्याच रुग्णांना आम्ही सुरुवातीचे काही आठवडे सांगतो, "खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकवू नका." सीट गुडघ्यापेक्षा खाली असेल तर तो नियम गाडीचं दार उघडताच मोडतो.

मऊ सीट म्हणजे आरामाची सीट नव्हे

शोरूममध्ये आपण सीटवर पाच मिनिटं बसतो. एसी चालू, मंद दिवे, मऊ चामडं, हातात कॉफी. आपण म्हणतो, "वा, काय आराम आहे!" पाच मिनिटं कुठलीही सीट आरामदायी वाटते. खरी परीक्षा दोन तासांनी होते.

स्वीडनचे सर्जन आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या कण्यातल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. पुढे झुकून बसल्यावर दाब वाढतो, आणि पाठ थोडी मागे टेकवून कमरेला आधार दिला की तो कमी होतो, असं या मोजमापांतून दिसलं. नुसतं बसणं उभं राहण्यापेक्षा किती वाईट, यावर पुढे मतभेद झाले. कमरेला आधार हवा, यावर मात्र वाद नाही.

आता खोल सीटमध्ये काय होतं? गुडघे खुब्यांच्या वर जातात, मांड्या सीटवरून उचलल्या जातात, कंबरेचं हाड मागे कलंडतं आणि कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो. माणूस प्रश्नचिन्हासारखा बसतो. काही इलेक्ट्रिक सेडानमध्ये हे जास्त जाणवतं. बॅटरी पायाखाली असल्यामुळे तळ वर येतो, सीट मात्र तितकी वर येत नाही.

तिसरी गोष्ट टायरची. जुन्या गाड्यांचे टायर जाड होते. रिम लहान आणि भोवती हवेची मोठी गादी. आता मोठी चकचकीत रिम आणि तिच्याभोवती टायरची पातळ पट्टी, कारण ते रुबाबदार दिसतं आणि वेगात वळताना गाडी चांगली धरते. ज्यांनी पेठ-सांगली रस्त्याचे खड्ड्यांचे दिवस पाहिलेत, त्यांना टायरातली हवा कमी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त साथ देतो. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो उंच जातो ना, तसं. चांगल्या गाडीचं सस्पेन्शन यातलं बरंच शोषून घेतं. पण उरलेलं काम टायर आणि सीटचंच असतं.

"जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांनाही दोन शब्द

इथपर्यंत वाचून काही काका खूश झाले असतील. "बघा, आमची फियाटच बरी होती!" थांबा.

सांगलीकरांना वालचंद हे नाव इंजिनीअरिंग कॉलेजमुळे माहीत आहे. त्याच वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात फियाट आणि मग पद्मिनी बनवली. माझंही त्या गाडीवर प्रेम आहे. पण त्या काळच्या गाड्यांत एअरबॅग नव्हती, मागच्या सीटला बेल्ट नव्हता, डोक्याला मागून आधार नव्हता. मागून धडक बसली की मान कशी झटका खाते, हे आम्ही डॉक्टरांनी पाहिलंय. पुढच्या सलग बाकड्यावर दोघांच्या जागी तिघे बसायचे आणि मांडीवर एक पोरगं. तिला आराम म्हणायचं असेल तर म्हणा, सुरक्षितता म्हणू नका. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना इंजिन तापायचं आणि माणसंही.

तेव्हा मागे जा असं मी सांगत नाही. नव्या गाडीने जीव वाचवायची सोय दिली, ती घ्यायलाच हवी. माझं भांडण एवढंच, की जुन्या गाडीने खुर्चीच्या उंचीचं आसन दिलं होतं, ते काढून घ्यायची काय गरज होती? आणि ते काढून घेतलं तेव्हा आपण विचारलंसुद्धा नाही. आपण विचारलं, "स्क्रीन किती इंची आहे?"

आणि हो, मिळालेली सोय तरी आपण वापरतो का? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. ते महागड्या गाडीत मागे बसले होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. मागच्या सीटवरही बेल्ट लावणं हा कायदा आहे. आणखी एक गोष्ट, जी शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. मागे झुकणारी सीट आडवी करून झोपलात तर बेल्टचा खालचा पट्टा खुब्याच्या हाडावरून सरकून पोटावर येतो. धडक बसली तर शरीर बेल्टखालून पुढे घसरतं आणि आतडी, यकृत यांना इजा होऊ शकते. गाडी चालू असताना सीट फार मागे झुकवू नका.

आरामाचाही धोका असतो

सांगलीहून मुंबई सहा-सात तासांची. गाडी इतकी छान, की मध्ये उतरावंसंच वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की चार तास किंवा त्याहून जास्त बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. विमान असो, बस असो वा मोटार. निरोगी माणसात हा धोका मुळात फार कमी असतो, त्यामुळे घाबरू नका. पण नुकतंच ऑपरेशन झालेलं, गरोदर, कर्करोगाचे रुग्ण किंवा आधी गुठळी झालेले, यांनी हलक्यात घेऊ नये. एसटी दर दोन तासांनी थांबायची, तेव्हा आपण वैतागायचो. पायांचं मात्र भलं व्हायचं.

गाडी घेताना काय पाहाल?

* घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शोरूममध्ये घेऊन जा. गाडी त्यांनी पास करायची.
* त्यांना सीटशेजारी उभं करा. सीट त्यांच्या गुडघ्यापेक्षा थोडी वर हवी. पाठ करून सहज टेकता आलं पाहिजे. फार उंच एसयूव्हीही नको, तिथे चढायला पायरी लागते.
* बसल्यावर मांडी पूर्ण टेकते का, आणि डोक्यावर चार बोटं जागा उरते का, ते पाहा.
* दार किती रुंद उघडतं आणि धरायला छताजवळ दांडी आहे का, हे तपासा.
* त्यांना तीनदा बसवा, तीनदा उतरवा. तिसऱ्यांदा चेहरा पाहा.
* चाचणीची फेरी हायवेवर नको, खराब रस्त्यावर घ्या. जमल्यास अर्धा तास.

गाडी आधीच घेतलीय? मग असं बसवा

1. गाडी फुटपाथला किंवा ओट्याला चिकटवून लावू नका. उंचावर उभं राहिलं की सीट आणखी खाली जाते. सपाट रस्त्यावरून बसवा.
2. पुढची डावी सीट पूर्ण मागे घ्या, पाठ थोडी झुकवा.
3. सीटवर घट्ट, न दबणारी उशी ठेवून उंची वाढवा. फार मऊ उशी नको.
4. रुग्णाने गाडीकडे पाठ करावी, आधी बूड टेकवावं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना याच्या उलट.
5. सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवली तर वळणं सोपं होतं. बसून झालं की ती काढून घ्या आणि बेल्ट लावा.
6. दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला. बसल्या बसल्या पावलं वर-खाली हलवत राहा.

त्या आजींच्या मुलाला मी हेच शिकवलं. दारातच आजींना उतरवलं आणि उशी ठेवून पुन्हा बसवलं. या वेळी डोकं लागलं नाही. "आता बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. गाडी तीच होती, फक्त तीन इंच वर आली होती.

आईवडिलांसाठी गाडी घेतली असं आपण अभिमानाने सांगतो. मग त्यांना त्यात कुणाचा हात न धरता बसता-उतरता येतं का, एवढं आज संध्याकाळी अंगणात उभं राहून पाहा. येत असेल तर तुमची गाडी खरंच आलिशान आहे, मग ती दहा वर्षं जुनी का असेना.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. ऑपरेशननंतर प्रवास कधी आणि कसा करायचा, हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पायाला एका बाजूने सूज, पोटरीत दुखणं किंवा अचानक दम लागणं, यांपैकी काहीही झालं तर वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.)